शिशाचा डबा आणि सोवळ्याची दांडी

आमच्या मुळगावच्या घरात दोन वस्तूंना हात लावायचा नाही असा दंडक होता. एक म्हणजे मागच्या पडवीत आडवी टांगलेली सोवळ्याची दांडी. वैशाखात बाबा व्रताला बसले की त्यांचं धोतर आणि शेला तिच्यावर वाळत असे. धुणार तेच, घालणार तेच, काढणारही तेच. दुसरी वस्तू म्हणजे देवाच्या फळीशेजारी खिळ्याला अडकवलेला त्यांचा कामावरचा बिल्ला. दांडीला हात लावला तर लईराई देवी कोपेल आणि बिल्ल्याला लावला तर कंपनीचा साहेब. मला दोघांचीही धास्ती सारखीच होती. खरं तर त्या वयात दोघांत फारसा फरक आहे असं मला वाटतही नव्हतं. दोघंही शिरगावच्या बाजूला राहायचे आणि आमच्या घरात काय चाललंय ते दोघांनाही न बघता कळायचं.

बाबा खनिजाची माती धुण्याच्या कारखान्यात होते. खाणीतून आलेला लाल चिखल तिथे जाड पाइपांतून वाहायचा. त्यात लोखंड किती आणि नुसतं पाणी किती हे पाइप न फोडता कळावं, म्हणून एका पाइपाला एका बाजूने शिशाचा डबा बसवला होता आणि समोरच्या बाजूने मोजणारं यंत्र. डब्यात सीझियमचा एवढासा तुकडा. त्याचे किरण पाइपातून आरपार जायचे. चिखल घट्ट असला की वाटेत जास्त अडायचे, पातळ असला की जास्त पार व्हायचे, आणि त्याप्रमाणे यंत्राचा काटा हलायचा. मी आठवीत असताना बाबांनी मला हे पेजेवर समजावलं होतं. सकाळी उकड्या तांदळाची पेज पुढ्यात घेऊन ते म्हणाले, "पेज पातळ असली की ताटलीचो तळ दिसता. घट्ट असली की दिसना. किरणांचा पण तसाच." पुढे तीस वर्षं मी डिचोलीत मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. किरण पदार्थात शोषले जातात म्हणजे काय, हे सांगायला फळ्यावर आकृती काढण्याआधी मी नेहमी पेजच वाढली. मुलं हसायची, पण परीक्षेत ते कुणी चुकत नसे.

बिल्ला म्हणजे प्लास्टिकची एक चौकट. तिच्यात काळ्या कागदात बंद केलेली फिल्मची छोटीशी पुडी असायची. किरण लागले की फिल्म काळी पडते, म्हणून ती ठरावीक मुदतीने तपासायला मुंबईच्या प्रयोगशाळेत जायची आणि तिच्या जागी नवी यायची. कामावरून परतताना तो तिथल्याच फळीवर ठेवायचा असा नियम होता, पण एका कामगाराचा बिल्ला तिथून हरवला तेव्हा त्याला जी बोलणी खावी लागली, ती ऐकल्यापासून बाबा आपला बिल्ला खिशात घालून घरी आणू लागले. साहेबाने सुरुवातीलाच सांगितलं होतं, "हा तुमच्या सुरक्षेसाठी आहे." बाबांनी ते घरी येऊन आईला आपल्या भाषेत सांगितलं, "ह्यो बिल्लो आमका राखता." आईने त्या दिवसापासून देवाला लावून उरलेलं कुंकवाचं बोट बिल्ल्याच्या खिळ्याला टेकवायला सुरुवात केली. आता मला ठाऊक आहे की बिल्ला कुणालाच राखत नाही. दारावर बसून कोण आलं, कोण गेलं एवढंच बघणाऱ्या, पण कुणालाही न अडवणाऱ्या म्हाताऱ्यासारखा तो असतो. पण बाबांना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि आईला सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

बाबा धोंड होते. धोंड म्हणजे लईराईचा व्रतस्थ. जत्रेआधीचे दिवस ते गावातल्या इतर धोंडांबरोबर तळ्याकाठच्या मांडवात राहायचे, स्वतः रांधून खायचे, पुन्हा पुन्हा आंघोळी करायचे, आणि शेवटी हातात वेताची काठी व गळ्यात मोगऱ्याच्या माळा घालून शिरगावच्या होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून धावत जायचे. ज्याचं सोवळं शुद्ध त्याचे पाय भाजत नाहीत, अशी आमच्याकडची श्रद्धा. मी ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्याच्या आदल्या वर्षी बाबांचे पाय भाजले होते. फार नाही, उजव्या तळव्याला दोन फोड आले होते. पण फोड किती मोठा हे कोण बघतो? गावाने फोड धरला. आमच्या शेजारची शेवंताकाकी विहिरीवर घागर भरता भरता आईला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली होती, "रोज त्या डब्याकडे काम करता. आंगात कसलो उजवाड शिरलोहा कोणाक ठावक. धोंडाचा आंग निवळ होया." उजवाड म्हणजे उजेड; तिला किरण म्हणायचे होते. काकी वाईट नव्हती. आमच्या घरी आंब्याचं सासव झालं की पहिली वाटी तिच्याकडे जायची आणि तिच्याकडे फणस कापला की गरे आमच्याकडे यायचे. पण तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि आईला रात्रंदिवस ते वाक्य कुरतडत राहिलं.

बाबा मात्र त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. तळव्याला खोबरेल लावून ते तिसऱ्या दिवशी कामावर गेले. मला तेव्हा वाटलं की त्यांना काहीच वाटलं नाही. मोठी माणसं गप्प राहिली की त्यांना काही वाटत नसेल असं मुलांना वाटतं.

पुढचा वैशाख आला. घरात तेव्हा माझा धाकटा भाऊ विनू नुकता रांगायला लागला होता. चुलीवर सकाळी पेज, दुपारी भात नि फणसाची भाजी, मधल्या वेळी पाव विकणाऱ्या पदेराची सायकल पों पों करत आली की गरम उंडे. बाबा तळ्याकाठी राहायला गेल्यावर घर एकदम रिकामं वाटे. त्यांनी जाताना शेला धुऊन दांडीवर टाकला होता. तो शेवटच्या दिवशी कमरेला बांधायचा, म्हणून जत्रेच्या दिवशी ते आले, घरात न शिरता मागच्या पडवीतून तो स्वतः उतरवला आणि गेले. त्या वर्षी त्यांचे पाय भाजले नाहीत. ते परतले तेव्हा आईने दारातच त्यांचे तळवे बघितले, दोन्ही, उलटसुलट करून, एखाद्या लहान मुलाचे बघावेत तसे. मग ती आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. व्रत सुटलं म्हणून तिने मणगणं, म्हणजे चण्याच्या डाळीची खीर केली होती, आणि ती थोडी तळाला लागली. सोवळं संपल्यावर शेला आईच धुवायची, पण त्या वर्षी तिने तो तसाच घामट, मोगऱ्याच्या वासासकट चुलीवरच्या दांडीला टाकून ठेवला. बरेच दिवस स्वयंपाकघरात धूर आणि मोगरा यांचा एक विचित्र वास भरून राहिला होता. मला तो आवडायचा. आजही धुरात कुठे मोगऱ्याचा वास आला की मला तळाला लागलेलं मणगणं आठवतं.

बातमी आली ती पावसात. पावसात खाणी बंद, धुण्याचं कामही थंडावलेलं. बाबांना साहेबाने बोलावलं आणि सांगितलं की मुंबईला गेलेली तुमची फिल्म काळी आली आहे, काम बंद, रक्त तपासून घ्या. बस, एवढंच. काळी म्हणजे किती, कशाने, याचा पत्ता नव्हता. पण बाबांसाठी तेवढं पुरेसं होतं. रक्त तपासलं, डॉक्टर म्हणाले काही नाही, सगळं ठीक आहे. बाबांनी मान हलवली आणि घरी येऊन आपली चटई उचलून बाहेरच्या पडवीत घातली.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण त्यांत काहीच घडत नव्हतं. बाबांनी आपलं ताट वेगळं केलं, पाण्याचा तांब्या वेगळा केला, कुलेर म्हणजे चमचासुद्धा वेगळा. कुणी सांगितलं नव्हतं. घरात कुणी गेलं की सुतक कसं पाळायचं हे त्यांना माहीत होतं. किरणांचं काय करायचं हे माहीत नव्हतं, म्हणून जे माहीत होतं ते त्यांनी केलं. गावालाही तेच माहीत होतं. शेवंताकाकी बाबांना विहिरीवर आलेलं बघून स्वतःच त्यांची घागर वरून भरून द्यायला लागली, दोराला त्यांचा हात लागू नये म्हणून. पदेर उंडे दारात न देता कुंपणावर ठेवून जाई. कुणी वाईट बोललं नाही. वाईट बोललं असतं तर आईला भांडता तरी आलं असतं.

सगळ्यात वाईट विनूचं होतं. त्याला बाबा हवे असायचे. उंबरा ओलांडून तो पडवीतल्या त्यांच्या बाकाकडे रांगत जायचा, आणि बाबा दोन्ही पाय वर घेऊन बसायचे, पुराचं पाणी घरात आल्यावर बसतात तसे. विनूला तो खेळ वाटायचा. तो हसायचा. आई एकदा त्याला उचलून सरळ बाबांच्या मांडीवर ठेवायला गेली, तर ते उठून उभे राहिले. "ताका माज्याकडे दिव नको," ते म्हणाले. "माजा काय तां होवंदे, पण ताका लागाक नको." आईने विनूला कडेवर घेतलं आणि ती जनेलाच्या गजांपाशी जाऊन पावसाकडे बघत उभी राहिली. त्या दिवशी मी ठरवलं की शाळेत सायन्सच घ्यायचं. आज एखादी गोष्ट ठरवायची म्हटली तर मला आठ दिवस लागतात. तेव्हा तेवढा एक क्षण पुरला.

आता मला जे ठाऊक आहे ते बाबांना त्या पडवीत जाऊन सांगता आलं असतं तर, असं मला अनेकदा वाटतं. असले किरण ज्या वस्तूतून जातात तिच्यात ते राहत नाहीत. वाटेत भेटलेल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत, रेणू मोडत पुढे जातात आणि संपतात. शरीरात बहुतेक पाणीच, म्हणून पाणीच जास्त मोडतं, आणि मोडलेल्या पाण्याचे तुकडे क्षणाच्या आत दिसेल त्याच्याशी जाऊन भिडतात. इजा होते ती त्यांच्याने, आणि ज्याच्या अंगातून किरण गेले त्यालाच. त्याच्या मांडीवर बसलेल्या मुलाला नाही. एम.एस्सी.ला असताना आम्हाला लोखंडाच्या क्षाराचं फिकट द्रावण किरणांत ठेवायला दिलं होतं. किती किरण गेले ते त्यावरून मोजतात. किरण गेले की त्यातलं लोखंड एक पायरी गंजतं आणि रंग जेमतेम दिसेल इतका पिवळट होतो. सगळ्या मुली त्या नळीकडे बघत होत्या आणि मी रडत होते. आमच्या गावाची सबंध माती ज्या लोखंडाने लाल झाली आहे, ते त्या एवढ्याशा नळीत माझ्यासमोर बदललं होतं. आणि नळीला हात लावला तरी मला काही होणार नव्हतं. मैत्रिणींना मी डोळ्यात ॲसिडची वाफ गेली असं सांगितलं.

पण तेव्हा मी आठवीत होते आणि मुंबईहून केळकर नावाचे गृहस्थ आले. प्रयोगशाळेने चौकशीला पाठवलेले. दुपारची वेळ, पाऊस नुसता भुरभुरत होता. त्यांनी छत्री मिटून पडवीत ठेवली आणि बाबांनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः मात्र लांब, पायरीवर बसले. केळकरांनी खुर्ची उचलून त्यांच्याजवळ नेली. बाबा आणखी एक पायरी खाली सरकले. मी दाराच्या आडोशाला होते आणि आई आत चहा करत होती.

केळकरांचं बोलणं शांत होतं. ते म्हणाले, "पुंडलिकराव, तुमची वैशाखातली फिल्म काळी आहे, पण ती किरणांनी काळी झालेली नाही असं मला वाटतं. बिल्ल्याच्या चौकटीत धातूच्या लहान पट्ट्या असतात. किरण आले तर पट्टीखाली फिल्म वेगळी काळी होते, उघड्या जागी वेगळी. पट्ट्यांच्या सावल्या उमटतात. इथे एकही सावली नाही. सगळी फिल्म एकसारखी करपली आहे. म्हणजे पुडी चौकटीतून बाहेर काढली होती आणि तिला कडक उष्णता लागली आहे. फिल्मला दोन्ही सारखेच. किरणांनी तिच्यातलं चांदीचं मीठ मोडतं, तसं उष्णतेनेही बिघडतं. तो बिल्ला घरी कुणी हाताळला होता का? चुलीजवळ, उन्हात?"

बाबांनी मान हलवली. "ना साहेब. मी व्रतार होतंय तेवा तो खिळ्याक होतो. माज्या घरात ताका हात लावची कोणाची छाती ना."

केळकरांनी खिशातून पेन काढलं. चौकशी तिथेच संपली असती. त्यांनी 'कारण अज्ञात' असं काही लिहिलं असतं आणि बाबा ती चटई घेऊन जन्मभर पडवीत राहिले असते. मी मागे वळून बघितलं तर आई दारात उभी होती. हातात चहाचे कप असलेलं ताट होतं. ती बाहेर येत नव्हती की मागेही जात नव्हती. तिच्यासमोर काय होतं हे मला नंतर कळलं. बोलली तर नवरा मोकळा होणार होता. पण बोलली तर त्याच तोंडाने तिला हेही सांगावं लागणार होतं की ज्याच्यावर त्याचं सगळं वर्ष उभं असतं ते व्रत तिने स्वतःच्या हाताने मोडलं.

"मी काढलंय तो," आई म्हणाली.

बाबांनी वर बघितलं.

"आदल्या वर्सा तुमचे पाय भाजले. लोक काय काय बोलाक लागले. तुमीच सांगितल्यात हो बिल्लो राखता म्हणान. म्हणान ती आतली पुडी मेणकापडात घालून मी शेल्याच्या काठात शिवलंय. इंगळ्यांवयल्यान तुमी गेल्यात तेवा ती तुमच्या कमरेक होती. मागीर शेलो चुलीवर रवलो, उसवाक एकांत मिळाक ना म्हणान." तिने ताट खाली ठेवलं. "मागीर काढून परत घातलंय."

"कधी शिवलंस?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"तुमी तळ्यार होतास तेवा. दुपारचा."

"शेलो दांडयेर होतो?"

"व्हय."

"धुतलेलो?"

"व्हय."

केळकरांना यातलं काही कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. "मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "पुंडलिकराव, तुम्हाला काहीही झालेलं नाही. परत कामावर या. फक्त बिल्ला कारखान्यातच ठेवायचा, घरी आणायचा नाही." त्यांनी चहा घेतला, आईला म्हणाले फार छान झालाय, आणि छत्री उघडून गेले. मुंबईचा माणूस. तो शिशाच्या डब्याची चौकशी करायला आला होता, दांडीची नाही.

तो वळणाआड होईपर्यंत बाबा पायरीवर बसून राहिले. मग उठले. आंघोळ केली नाही, पाय धुतले नाहीत, सरळ आत आले, तांदळाच्या सुपाशी खेळणाऱ्या विनूला उचललं आणि छातीशी धरून उभे राहिले. विनूने त्यांच्या मिशा ओढल्या. बाबा रडत होते, आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. आईकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. त्या संध्याकाळी चटई आत आली, ताट आत आलं, बोलणं आलं नाही. ते माझ्याशी बोलायचे, विनूशी बोलायचे, आईला हवं नको माझ्यामार्फत विचारायचे. आई जेवण वाढायची आणि आत जायची. ज्याच्यासाठी तिने हे केलं होतं त्यालाच ते सांगून ती पोरकी झाली होती. पाऊस गेला, गणपतीची चवथ गेली, दिवाळी गेली, शिमगा आला. आठवण काढायची तर त्या वर्षी आमच्या घरात भांडण एकदाही झालं नाही, आणि इतकं वाईट वर्ष मला दुसरं आठवत नाही.

मग वैशाख आला. बाबांनी शेला धुतला, दांडीवर टाकला आणि तळ्याकाठी राहायला गेले. आईने त्या दिवसांत मागच्या पडवीत पाऊलही टाकलं नाही. झाडायलासुद्धा मलाच पाठवलं. जत्रेच्या दिवशी दुपारी बाबा आले. ओलेत्याने अंगणात तुळशीपाशी उभे राहिले. आत आले नाहीत. मी धावत दाराशी गेले, पण त्यांनी मला हाताने थांबवलं.

"आवशीक सांग, शेलो काढून दी म्हणान."

आई चुलीपाशी होती. तिने ऐकलं होतं. ती दारात आली, हात पदराला पुसत, आणि वर्षभरात पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोलली. "मी?"

"मग कोण?" बाबा म्हणाले. "गेल्या वर्सा तूच हात लावलंस. पाय भाजूक नाय माजे."